उचलीचे पैसे आणि कारागिराचा भाव

‘उचल’ हा शब्द आमच्या वाचकांपैकी एकाही घरास नवा नाही. ऊसतोडीस जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. गुऱ्हाळवाला गुळाच्या अडत्याकडून घेतो. विणकर सूत देणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतो. चपला शिवणारा चामड्यावर, मूर्तिकार गणपतीच्या हंगामावर आणि सुतार लग्नसराईवर घेतो. आता तर कोपऱ्यावरचा किराणेवाला आणि चहावाला यांसही घरबसल्या, मोबाईलवर बोट ठेवताच उचल मिळू लागली आहे. तारण नको, जामीन नको, साहेबाच्या दारात खेटे नकोत. आणि देणारा वर सांगतो की, ‘हे कर्ज नव्हे बाबा, तुझ्याच उद्याच्या कमाईतले आज देतो.’ हे बोलणे ऐकावयास फार गोड आहे आणि त्यात खोटे असे काही नाही. म्हणूनच ते अधिक घातक आहे. उद्याची कमाई आज द्यावयाची, तर ती त्याने किती रुपयांस विकत घेतली, एवढे मात्र तो सांगत नाही. तेवढा एकच प्रश्न आज आम्हांस आमच्या कारागीर, दुकानदार व शेतकरी बांधवांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम इसार आणि उचल यांतील भेद नीट ध्यानात घ्या. गिऱ्हाईक सुतारास कपाट करावयास सांगते, किंमत ठरवते आणि तिचा तिसरा हिस्सा लाकडासाठी आगाऊ देते. हा झाला इसार. येथे भाव आधी ठरला आणि पैसा मागाहून आला. देणाऱ्यास कपाट हवे आहे, त्यास सुताराच्या अडचणीवर कमाई करावयाची नाही. असा पैसा जितका मिळेल तितका घ्यावा; त्यासारखे स्वस्त भांडवल जगात नाही. उचलीत याच्या उलट घडते. पैसा आधी येतो, भाव मागाहून ठरतो, आणि तो ठरविणारा पैसे देणाराच असतो. इसार घेतलेला सुतार मान वर करून बोलतो. उचल घेतलेला मान खाली घालून ऐकतो.

एक हिशेब मांडून पाहू. असे समजा की, एका मूर्तिकाराने फाल्गुनात व्यापाऱ्याकडून शाडू, रंग व घरखर्च यांकरिता २०,००० रुपये उचलले. व्यापारी मोठ्या मनाने म्हणाला, ‘व्याज एक पैसाही नको, फक्त माल दुसऱ्यास द्यावयाचा नाही, आणि दर मूर्तीस ४०० रुपये धरू.’ भाद्रपदात तीच मूर्ती बाजारात कारागिराच्या हातून ५०० रुपयांस सहज गेली असती. मूर्ती झाल्या २००. दर मूर्तीमागे १०० रुपये कमी, म्हणजे एकंदर तोटा २०,००० रुपये. सहा महिन्यांच्या उचलीवर मुद्दलाइतकेच व्याज गेले. वर्षाचा दर शेकडा २०० पडला! परवाना घेतलेल्या सावकाराने बिगरशेतकऱ्यास तारणाशिवाय दिलेल्या कर्जावर सालीना शेकडा १८ हून अधिक घेऊ नये, असा दर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली शासनाने बांधून दिला. पण आमच्या मूर्तिकाराच्या कागदावर व्याज हा शब्दच नाही, मग दर तपासणार कोण? व्याज व्याजाच्या घरात न ठेवता भावाच्या घरात लपविले, की कायद्याचा शिपाई मोकळ्या घराची झडती घेऊन परत जातो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

यावर शहाणे लोक लगेच म्हणतात, ‘गरजवंताला अक्कल नसते.’ ही म्हण ज्याने केली, त्याने बहुधा कधी उचल घेतली नसावी. गरजवंतास अक्कल असते. त्यास वेळ नसतो. शाडू वैशाखात हवा, मजुरी दर शनिवारी द्यावी लागते, मुलाची फी जूनमध्ये भरावयाची असते आणि मूर्तीचे पैसे भाद्रपदात येतात. मधल्या सहा महिन्यांचे पोट कोणी भरावयाचे? खर्चाचा दिवस आणि कमाईचा दिवस यांच्यामध्ये जी ही दरी असते, तिच्यावर पूल टाकणे हाच उचल देणाराचा धंदा आहे. पूल हवाच, तो मोफत मिळावा असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पुलावरचा जकातीचा दर दर्शनी पाटीवर लिहिलेला असावा.

या व्यवहाराचा इतिहास जुना आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. बंगाल्यात निळीचे मळेवाले गोरे लोक रयतेस ‘दादन’ म्हणून आगाऊ रक्कम देत. एकदा ती घेतली की, शेतात भाताऐवजी नीळ लावणे भाग पडे आणि निळीचा भाव मळेवाला म्हणेल तो. वर्षाअखेर खात्यावर बाकी उरेच, आणि बापाची बाकी मुलाच्या माथी येई. अखेर १८५९ साली रयतेने नीळ लावण्याचे साफ नाकारले व सरकारास १८६० साली चौकशी नेमावी लागली.

आमच्या दख्खनची कथाही याच जातीची आहे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले असता विलायतेच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा मुंबईच्या निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी शहरच्या सावकारांस पैसा पुरविला, त्यांनी तो खेड्यांतल्या सावकारांस दिला, आणि कालपर्यंत दारात उभे न करणारा सावकार कुणब्याच्या ओसरीवर येऊन ‘पैसे घ्या हो’ म्हणू लागला. युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, आणि तोच सावकार नवी उचल बंद करून जुनी बाकी मागू लागला. त्यातच सरकारने जमिनीचा सारा वाढविला. त्याचा शेवट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी झाला. लोकांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे व वह्या काढून त्यांची होळी केली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. यातून धडा घ्यावयाचा तो हा : उचल देणारास जेव्हा तुमच्या मालाची गरज असते तेव्हा पैसा ओतला जातो, आणि तुम्हांस जेव्हा पैशाची गरज असते तेव्हा तो आटतो. सुगीत भरून वाहणारी आणि दुष्काळात कोरडी पडणारी विहीर बागायतीच्या काय कामाची?

त्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात एक तत्त्व मोलाचे होते. न्यायाधीशाने केवळ कागदावरचा आकडा पाहून निकाल देऊ नये; कागदामागे प्रत्यक्ष किती पैसा हाती पडला, किती फिटला, याची मुळापासून चौकशी करावी, असे त्याने सांगितले. ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्कही दिला. तो कायदा आता राहिला नाही, पण ते तत्त्व प्रत्येक कारागिराने आपल्या घरच्या व्यवहारास लावावे. कागद काय म्हणतो ते मागून पाहा. हातात काय पडले आणि हातातून काय गेले ते आधी पाहा.

आणखी एक कायदा आमच्या वाचकांस ठाऊक असावा. १९७६ साली वेठबिगार पद्धती बंद करणारा कायदा झाला. वेठबिगार म्हणजे पायात बेडी घालून राबविलेला मनुष्य, अशी बहुतेकांची समजूत असते. पण त्या कायद्याची व्याख्या फार व्यापक आहे. उचलीच्या मोबदल्यात माणसाकडून जुलमाने काम करून घेणे तर तीत येतेच. पण दुसरीकडे काम करण्याचा किंवा मोकळेपणाने फिरण्याचा त्याचा हक्क काढून घेणे हेही येते. आणि आपल्या वा आपल्या घरच्यांच्या श्रमाचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क त्यास सोडावा लागणे, हेही त्याच व्याख्येत घातलेले आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. स्वतःच्या हाताने केलेला माल बाजारभावाने विकता न येणे, यास देशाच्या कायद्याने बेडीच्या पंक्तीस बसविले आहे. प्रत्येक उचल वेठबिगार ठरते असे नाही. पण ‘माल मलाच द्यावयाचा आणि माझ्याच भावाने’ ही अट ज्या उचलीत आहे, ती कोणत्या रस्त्याने निघाली आहे ते यावरून समजावे.

आता नव्या उचलीकडे वळू. दुकानाच्या गल्ल्यावर हल्ली एक लहानशी पेटी बसलेली असते. गिऱ्हाइकाने मोबाईलने पैसे दिले की, ‘इतके रुपये मिळाले’ म्हणून ती मोठ्याने सांगते. या पेटीच्या मागे बसलेल्या कंपनीस तुमचा रोजचा गल्ला तुमच्या बायकोपेक्षाही अधिक माहीत असतो. त्यावरून ती किंवा तिच्याशी जोडलेला सावकार तुम्हांस कळवितो की, ५०,००० रुपये तयार आहेत. रोज विक्रीतून ५०० रुपये वळते होतील. १२० दिवसांत खाते बंद. दुकानदार मनात म्हणतो, ‘पन्नासाचे साठ द्यावयाचे, म्हणजे शेकडा २०, फार नाही.’

येथेच हिशेब चुकतो. ५०,००० रुपये तुमच्याकडे १२० दिवस राहतच नाहीत. पहिल्याच दिवसापासून ते परत जाऊ लागतात. पहिल्या दिवशी सर्व रक्कम तुमची, शेवटच्या दिवशी शून्य. म्हणजे सरासरीने तुम्ही २५,००० च वापरले. २५,००० वर चार महिन्यांत १०,००० रुपये दिले, तर शेकडा ४० झाले आणि वर्षाचे १२०. हा ढोबळ हिशेब झाला. दिवसादिवसाची बारीक आकडेमोड केली तरी तो शेकडा ११० च्या खाली उतरत नाही. शिवाय सुरुवातीस ‘फी’ म्हणून हजार रुपये कापून ४९,००० च हाती ठेवले, तर दर आणखी चढतो.

या प्रकारास अमेरिकेत मोठा बाजार आहे. तेथे विक्रीच्या ठराविक हिश्शाने वसुली होते आणि परत करावयाची एकूण रक्कम आधीच कायम केलेली असते. ते लोक सांगतात की, आम्ही कर्ज देत नाही, दुकानाची पुढची विक्री विकत घेतो. म्हणून व्याजाचे कायदे आम्हांस लागू नाहीत. आमच्या मूर्तीच्या व्यापाऱ्याचाच हा सुशिक्षित भाऊ! यात एक गंमत अशी की, धंदा जितका जोरात चालेल तितकी उचल महाग पडते. १०,००० रुपये तर द्यावयाचेच. चार महिन्यांऐवजी ते दोन महिन्यांत वळते झाले, तर पैसा निम्मा काळ वापरावयास मिळाला आणि दर दुप्पट झाला. साध्या कर्जात लवकर फेडणारास व्याज कमी पडते. येथे लवकर फेडणारास शिक्षा! कॅलिफोर्निया राज्याने डिसेंबर २०२२ पासून असा नियम लागू केला की, अशी उचल देणाराने तिचा वर्षाचा अंदाजी दर आधी लिहून दाखविलाच पाहिजे. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्या यांस बंधन घातले आहे की, लहान उद्योगास मुदतीचे कर्ज देताना सर्व खर्च धरून वर्षाचा दर सांगणारे एक मुख्य माहितीपत्रक कर्जदारास त्यास समजणाऱ्या भाषेत द्यावे. हे पत्रक मागणे हा उपकार मागणे नव्हे. जो ते देत नाही, त्याच्या पैशास हात लावू नये.

मग उचल कधीच घेऊ नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. कोरडा उपदेश करून चूल पेटत नाही. एका भांडीवाल्यास ठरलेल्या भावाने, नावाजलेल्या गिऱ्हाइकाचे काम मिळाले. तांबे आणण्यास ३०,००० रुपये हवेत. महिन्याने ३३,००० परत द्यावयाचे आहेत, आणि कामात सर्व खर्च जाऊन ९,००० उरणार आहेत. त्याने ती उचल अवश्य घ्यावी. तीन हजार गेले, सहा हजार राहिले. न घेता तर काहीच राहिले नसते. दर महाग आहे, पण पैसा एकदाच फिरला, लवकर फिरला आणि आपल्याहून मोठा नफा घेऊन आला. पण तीच उचल लग्नासाठी, जुनी बाकी भागविण्यासाठी किंवा मंदीत रोजचा घरखर्च चालविण्यासाठी घेतली, तर ती नफा आणीत नाही, फक्त दुसरी उचल आणते. पहिल्या उचलीचा हप्ता दुसरीतून जाऊ लागला, की समजावे, आता आपण दुकान चालवीत नाही, दुकान आपल्यास ओढून नेत आहे.

म्हणून आमच्या वाचकांनी अंगठा वा सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. प्रत्यक्ष हाती किती पडणार? एकूण किती जाणार, त्यात मालाच्या भावातील कसर धरून? किती दिवसांत जाणार? आणि या पैशाने जो माल होईल, तो मला हवा तेथे विकता येईल की नाही? पहिल्या तिहींची उत्तरे आकड्यांत घ्यावी व वहीत लिहावी. घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल, तिच्याकडून हिशेब मांडून घ्यावा. घरची लक्ष्मी हप्त्याच्या दिवशी पोटास चिमटा घेते, तर सहीच्या दिवशीही तिला विचारलेच पाहिजे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पहिली तीन उत्तरे कितीही गोड असोत, उठून यावे.

दुसरी दारे कोणती, तेही सांगितले पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, बुरूडकाम करणारे अशा १८ धंद्यांतील कारागिरांस तारणाशिवाय पहिले १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्ज सालीना शेकडा ५ दराने देण्याची तरतूद आहे. रस्त्यावर माल विकणारांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे. २०२५ साली तिचे पहिले कर्ज १५,००० व दुसरे २५,००० केले, आणि तिसरे ५०,००० आहे. शेकडा ५ कोठे आणि शेकडा २०० कोठे! पण योजना कागदावर असणे आणि पैसा हातावर पडणे यांत पुष्कळ अंतर आहे, हे आम्ही जाणतो. बँकेत कारागीर गेला की आज साहेब नाहीत, उद्या यंत्र बंद, परवा अमुक दाखला नाही. व्यापाऱ्याची उचल दहा मिनिटांत मिळते. लोक महाग पैशाकडे मूर्खपणाने जात नाहीत, स्वस्त पैशाच्या दारावरच्या कुलपामुळे जातात. हे कुलूप काढणे सरकारचे व बँकांचे काम आहे, आणि ते होत नाही तोवर कारागिरास काटकसरीची प्रवचने देण्याचा त्यांस अधिकार नाही.

तिसरी गोष्ट आमच्या लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. पुष्कळ कारागीर उचल घेतात, ती भांडवल नाही म्हणून नव्हे, तर झालेल्या कामाचे पैसे अडकले म्हणून. माल नेणारा मोठा कारखानदार तीन तीन महिने बिल देत नाही, आणि त्याच्या त्या फुकट वापराचे व्याज लहान कारागीर भरतो. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याने असा नियम आहे की, सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाराने करारात मुदत लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. उशीर केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्याचा लाभ घेण्यास ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी. तिला फी लागत नाही. एकटा कारागीर मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करावयास भितो, कारण पुढचे काम जाईल. दहाजण मिळून गेले तर तेवढे भय राहत नाही.

आणि येथेच खरी गोष्ट येते. उचल देणारा नेहमी एकेकट्यास गाठतो. एका आळीतले पंधरा मूर्तिकार वेगवेगळ्या पंधरा दिवशी, वेगवेगळ्या भावाने बांधले जातात, आणि आपल्या शेजाऱ्यास काय भाव मिळाला हे एकालाही ठाऊक नसते. त्या पंधरांनी शाडू व रंग एकत्र आणला, महिन्यास थोडेथोडे गटात टाकले, आणि ‘याहून खाली मूर्ती द्यावयाची नाही’ एवढा एक भाव आपसांत ठरविला, तर निम्मी उचल आपोआप गळून पडेल. सहकारी पतपेढीचा कायदा या देशात १९०४ साली झाला तो याच हेतूने. पण पेढी काढून चालत नाही, तिच्यावर नजर ठेवावी लागते. चेअरमनच्या गोतावळ्यास लाख आणि गरिबास तारीख, अशी पेढी म्हणजे खुर्चीवर बसलेला सावकारच. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्याच आडनावाचा असला म्हणून त्याचे व्याज गोड लागत नाही. वार्षिक सभेस जाऊन हिशेब विचारावयाचा नाही, आणि मग पेढी बुडाली म्हणून कपाळ बडवावयाचे, हे आता पुरे झाले.

बांधवहो, आमच्या कारागिराच्या हातात कला आहे, अंगात कष्ट आहेत. त्याच्याजवळ नाही तो फक्त सहा महिन्यांचा दम. उचल देणारा तो दम विकतो आणि किंमत म्हणून भाव ठरविण्याचा हक्क घेऊन जातो. पैसा फिटतो, हक्क मात्र पुढच्या हंगामासही त्याच्याकडेच गहाण राहतो. तेव्हा येत्या हंगामात कोणी पैसे पुढे केले, तर ‘किती देता’ हे मागून विचारा. ‘माझ्या मालाचा भाव कोण ठरविणार’ हे आधी विचारा. त्याचे उत्तर ‘मी स्वतः’ असे येईल तो पैसा घ्यावा, आणि बिनघोर धंद्यास लागावे.